नवी मालिका, जुना ट्रॅक: प्रेस रूम आणि गेटची तयारी

आपल्या मंडळातल्या पाच जणांनी या मोसमात ट्रॅकवर स्वयंसेवक म्हणून येतो म्हटलंय. स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या, शर्यतींची मालिका नवीन, ट्रॅक जुना, आणि माणसं कमी पडतात ती नेमकी प्रेस रूममध्ये आणि गेटवर. दक्षिण ऑन्टारिओतल्या एका छोट्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, मी नऊ मोसम हेच काम केलंय, म्हणून ही यादी. क्रमांक घातले नाहीत. शनिवारी दुपारी तीन वाजता सगळी कामं एकदम अंगावर येतात, तिथे क्रमांक कोण बघतो?

सुरुवात मार्चमध्येच करा, बाहेर बर्फ असताना, घरी बसून. ड्रायव्हरांची वही घाला. मालिकेचं नाव आणि पुरस्कर्त्यांचे लोगो बघून कुणी तिकीट काढत नाही, आपल्या गावचा पोरगा गाडी पळवतोय म्हटलं की काढतात. २००७ मध्ये कॅनडात नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या मोठ्या संस्थेच्या, नावाची मालिका सुरू झाली, तेव्हा तीही अगदी कोरी पाटी नव्हती. १९८१ पासून चालत आलेली कॅसकार ही कॅनडातली स्टॉक कार शर्यतींची संस्था नॅसकारने आदल्या वर्षी विकत घेतली होती, आणि नव्या नावाखाली उतरले ते बरेचसे जुनेच चेहरे: हॅमिल्टनचे डॉन थॉमसन ज्युनिअर, सेंट थॉमसचे डी. जे. केनिंग्टन, मिल्व्हर्टनचे स्कॉट स्टेकली. स्टँडमध्ये बसणाऱ्यांना कुठली गाडी कुणाची हे आधीच तोंडपाठ होतं. आपल्या मालिकेला ही आयती ओळख नाही. ती करून देणं हेच आपलं मुख्य काम, बाकीची धावपळ त्याच्यासाठीच.

वहीत प्रत्येक ड्रायव्हरला एक पान. नाव, गाव, वय, गाडीचा क्रमांक, दिवसा काय काम करतो, घरात आधी कोण रेसिंग करायचं, गाडी कुठल्या गॅरेजमध्ये बांधली. यातलं ‘गाव’ सगळ्यात महत्त्वाचं. टोरांटोच्या मोठ्या दैनिकाला तुमच्या ओव्हलमध्ये रस नसतो, पण पाच-सात हजार वस्तीच्या गावातल्या साप्ताहिकाला आपल्या गावच्या पोराचा फोटो हवाच असतो. ऑन्टारिओत अजूनही जुने प्रेक्षक अर्ल रॉसचं नाव काढतात. एल्सा क्रेग या लहानशा गावातला हा माणूस १९७४ मध्ये अमेरिकेत मार्टिन्सव्हिलला नॅसकारच्या सर्वोच्च, कप मालिकेची शर्यत जिंकला, आणि तसं करणारा आजवरचा तो एकमेव कॅनेडियन. पन्नास वर्षं लोटली तरी लोकांना ते गाव आठवतं. २०१६ मध्ये ग्रिम्सबीचा केडन लॅपसेविच सोळाव्या वर्षी कॅनडाच्या मालिकेत विजेता ठरला, तेव्हा बातमी करायला वेगळं काही लागलंच नाही. वय आणि गाव, झाली बातमी.

नावाचा उच्चार त्याच पानावर लिहा, आणि तो स्वतः ड्रायव्हरला विचारून. क्वेबेकमधून येणाऱ्यांच्या बाबतीत तर नक्कीच. ‘लाबे’ला लॅब म्हणणारा निवेदक मी ऐकलाय, आणि त्याच वेळी स्टँडमधला त्या मुलाच्या घरच्यांचा चेहराही पाहिलाय. आपल्याला हे समजवायला नको. या देशात ‘कुळकर्णी’चं काय काय होतं ते आपण रोज ऐकतो. उच्चारांचा कागद मोठ्या टायपात छापून निवेदकाच्या मायक्रोफोनशेजारी चिकटवा. हातात दिलेला कागद संध्याकाळपर्यंत केचपमध्ये बुडालेला असतो.

क्वेबेकची एक जरी गाडी उतरणार असेल तर प्रसिद्धिपत्रक फ्रेंचमध्येही हवं. भाषांतराच्या ॲपवर विसंबू नका, फ्रेंच लिहिणारं माणूस शोधा. तिकडचा प्रेक्षक रेसिंग जाणतो. क्वेबेकमधल्या त्र्वा-रिव्हिएरची शर्यत १९६७ पासून भर शहरातल्या रस्त्यांवर होते, गाड्या एका जुन्या दगडी वेशीखालून जातात, आणि गावकरी तिला घरचं कार्य असल्यासारखं वागवतात. तिथल्या पत्रकाराला मोडक्या फ्रेंचमधलं पत्रक पाठवलंत तर तो ते पुरतं वाचणारही नाही.

तारीख आपल्या हातात नसते, पण पत्रकं कधी पाठवायची ते असतं. मे महिना आणि जूनचा बराचसा भाग हॉकीच्या प्लेऑफचा. टोरांटोचा संघ टिकून असेल तर क्रीडा पानावर तुम्हाला दोन ओळीही मिळणार नाहीत. मॉन्ट्रियलच्या फॉर्म्युला वनचा आठवडा सोडून द्या. व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीत बोमनव्हिलजवळच्या मोठ्या, वळणावळणाच्या रोड कोर्सवर, म्हणजे जुन्या मोसपोर्टवर, जत्रा भरते. त्याच शनिवारी आपली शर्यत असेल तर लगेच हात टेका आणि स्थानिक रेडिओवर भर द्या. सकाळी बातम्या देणाऱ्या निवेदकाला ड्रायव्हरसोबत ट्रॅकवर दोन फेऱ्या मारायला बोलवा. तो पुढे आठवडाभर त्याबद्दल बोलतो, फुकट.

आता प्रेस रूम. ‘रूम’ म्हटलं तरी आमच्याकडे ती टाइमिंग टॉवरखालची खोली, एक खिडकी, एक हीटर. तिथे काय हवं: टेबलं, चालणारे प्लग पॉइंट, दोन एक्स्टेन्शन बोर्ड, प्रिंटर, प्रिंटरचा जास्तीचा टोनर, आणि वायफाय. वायफाय आदल्या शनिवारी गर्दी असताना तपासून बघा. बुधवारी रिकाम्या ट्रॅकवर सगळंच चालतं. तीन मोसमांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. स्टँड भरला, प्रत्येक जण फोनवर व्हिडिओ चढवायला लागला, आणि आमचं नेट मान टाकून बसलं. निकाल रात्री अकरा चाळीसला गेला. जवळच्या शहरातल्या वृत्तपत्राचं पान तोवर छापायला गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे विजेत्याचं नाव नव्हतं, आमच्या पार्किंगमधल्या कोंडीचा फोटो मात्र होता. तेव्हापासून प्रेस रूमचं नेट वेगळ्या लाइनवर, आणि निकालासाठी एक साधा मोबाइल बाजूला ठेवलेला असतो.

निकालाचं गणित असं: चेकर्ड फ्लॅगनंतर, म्हणजे शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यावर, पंधरा मिनिटांत पहिला कागद. गाड्यांना लावलेल्या, फेऱ्या नोंदवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरमुळे क्रम टाइमिंगच्या पडद्यावर तयारच असतो. कागदावर ठळक अक्षरांत ‘अनधिकृत’ लिहा. तांत्रिक तपासणी बाकी असते, आणि वजन किंवा उंची बसली नाही तर विजेताही बाद होतो. सोबत विजेत्याचं दोन वाक्यांचं मनोगत, एक फोटो, आघाडी किती वेळा बदलली, कॉशन (पिवळा झेंडा दाखवून शर्यत संथ करणं) किती पडले, पुढची शर्यत कधी. मनोगत तुम्ही रचू नका. ड्रायव्हर हेल्मेट काढतो तेव्हा फोन पुढे धरा, तो बोलेल ते वेडंवाकडं असलं तरी खरं असतं.

वादासाठीही एक माणूस नेमा. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलला बुश मालिकेची, म्हणजे नॅसकारच्या दुसऱ्या फळीच्या मालिकेची, तिथली पहिली शर्यत झाली. अखेरीस अधिकाऱ्यांनी रॉबी गॉर्डनला मागच्या जागी जायला सांगितलं, तो ऐकेना, त्याला ट्रॅक सोडायला सांगणारा काळा झेंडा दाखवला, तरी तो सगळ्यांच्या पुढे रेषा ओलांडून आपणच जिंकल्याच्या थाटात धूर काढत बसला. विजेता जाहीर झाला केविन हार्विक. क्वेबेकचा पॅट्रिक कार्पेंतिए दुसरा आला होता, आणि तिथल्या लोकांच्या लेखी ती खरी गोष्ट. पण चर्चा झाली ती गॉर्डनची. आपल्याकडे इतकं मोठं काही घडणार नाही, तरी दोन गाड्या घासून भिंतीवर गेल्या की पत्रकार ‘कुणाची चूक?’ विचारत टॉवरवर येतात. उत्तर फक्त रेस डायरेक्टर देईल, आणि त्यांना दहा मिनिटं खाली आणायची जबाबदारी कुणा एकाची. स्वयंसेवकाने स्वतःचं मत द्यायचं नाही. मी एकदा दिलं होतं. ते छापून आलं.

फोटोग्राफरांचे पास आधीच द्या, पण पिटमध्ये, म्हणजे गाड्यांचे टायर बदलतात आणि दुरुस्ती होते तिथे, सोडण्यापूर्वी पायाकडे बघा. बंद बूट, पूर्ण पँट, रंगीत जॅकेट, आणि सही केलेला जबाबदारीचा कागद. सँडल घालून आलेला कितीही मोठ्या वर्तमानपत्राचा असो, कुंपणाबाहेर.

पाऊस. छोट्या ओव्हलवर गुळगुळीत टायर असतात, ओल्यात शर्यत होत नाही. रोड कोर्सवर खाचांचे टायर लावून होऊ शकते. २००८ मध्ये मॉन्ट्रियलला नॅसकारची गुणांची शर्यत पहिल्यांदाच असे टायर लावून पावसात धावली, आणि पाऊस वाढल्याने आवरती घेतली तेव्हा ऑन्टारिओचा रॉन फेलोज पुढे होता. आपल्याला हे सुख नाही. म्हणून तिकिटाच्या मागे पावसाची तारीख स्पष्ट छापा, आणि रद्द करायचं असेल तर दुपारी दोनच्या आत सांगा. दोन तास गाडी हाकून आलेल्या कुटुंबाला बंद गेट दाखवलंत तर ते परत येत नाहीत, आणि चार घरांना सांगतात.

आता प्रेक्षक. एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: कॅमेरा मुख्य स्टँडच्या छपरावर असतो, म्हणून पडद्यावर दिसतो तो समोरचा, बॅकस्ट्रेचचा स्टँड. मुख्य स्टँड गच्च भरलेला असला तरी घरी बसलेल्याला रिकामे बाक दिसतात. त्यावर उपाय साधा आहे. शाळांची, हॉकी क्लबांची आणि आपल्या मंडळाची गटतिकिटं समोरच्या बाजूला द्या, किंवा तो स्टँड बंद करून पुरस्कर्त्यांचे कापडी फलक ताणा. कॅनडाच्या मालिकेच्या बऱ्याच शर्यती टीव्हीवर थेट न दाखवता नंतर कापून-जोडून दाखवल्या गेल्यात, तशा कार्यक्रमात मधली चित्रं हीच असतात. रिकामे बाक एकदा दिसले की पुढच्या वर्षीचा पुरस्कर्ता ते विसरत नाही.

मोजणी प्रामाणिक ठेवा. स्कॅन झालेली तिकिटं एका रकान्यात, फुकट पास दुसऱ्यात, पिटमधली माणसं तिसऱ्यात. तिन्ही मिळवून ‘विक्रमी गर्दी’ छापायचा मोह प्रत्येक प्रमोटरला होतो. नव्या मालिकेला तर फारच. पण बाक मोजणारा एक तरी पत्रकार असतोच, आणि त्याने एकदा पकडलं की तुमचा खरा आकडाही कुणी मानत नाही.

ऑटोग्राफचा कार्यक्रम शर्यतीच्या आधी ट्रॅकवरच घ्या, गाड्या रांगेत उभ्या करून. त्या अर्ध्या तासासाठी वीस मार्कर, प्रत्येक ड्रायव्हरची छापील कार्डं, आणि रांगेला दोरी. मुलांना गाडीच्या खिडकीतून आत बसवायला परवानगी देणारे ड्रायव्हर आधी हेरून ठेवा. दरवाजा नसतो हे पाहून मुलं चकित होतात. तिथे बसलेला मुलगा उरलेला मोसम त्याच क्रमांकाला ओरडतो, आणि त्याला आणायला आईबाप येतात. माझ्या अनुभवात जाहिरातीवर घातलेल्या कुठल्याही डॉलरने एवढं काम केलेलं नाही.

आपल्यातल्या, पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबांना हे आधी सांगा: कानांसाठी इअरमफ आणा, लहान मुलांसाठी तर सक्तीने, आवाज छातीत घुमतो. खालच्या चार रांगांत बसू नका, टायरचे रबराचे तुकडे उडून कॉफीत पडतात. मेमधली संध्याकाळ नऊनंतर थंड होते, घोंगडी हवी. ज्यांना खरंच रस असेल त्यांना स्कॅनर, म्हणजे संघांचा रेडिओ ऐकायचं यंत्र, भाड्याने द्या, ड्रायव्हर आणि वरून गाड्या बघून त्याला सूचना देणारा स्पॉटर यांचं बोलणं ऐकलं की खेळ उलगडतो. आणि बाहेरचा डबा चालतो की नाही ते ट्रॅकच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. गेल्या वर्षी मी तोंडी ‘चालेल’ सांगितलं, आणि गेटवरच्या नव्या पोराने साठ बटाटेवडे अडवले. ते शेवटी पिटमध्ये गेले. एका टायर बदलणाऱ्याने अकरा खाल्ले आणि चटणीची कृती लिहून घेतली.

रात्री सगळे गेल्यावर अजून चाळीस मिनिटं थांबायचंय. अधिकृत निकाल दुसऱ्यांदा पाठवा, पहिल्यापेक्षा बदल असेल तर तो विषयातच लिहा. प्रत्येक ड्रायव्हरच्या गावच्या साप्ताहिकाला त्याचाच फोटो वेगळा, मग तो विसावा का येईना. फोटोखाली नाव, क्रमांक, गाव. हरवलेल्या टोप्या आणि एक तरी छोटा बूट सापडतो, ते खोक्यात भरून ऑफिसच्या दाराशी. स्कॅनर मोजून परत घ्या, दोन कमी असतील. टोनर काढून घरी न्या, हीटर बंद करा, किल्ली टॉवरच्या खिळ्याला.