तबला शिकणाऱ्या मुलाचा हात दुखतो तेव्हा

"दुखतंय म्हणजे हात तयार होतोय" ही समजूत आधी मनातून काढून टाका. दमलेला हात मांडीवर सैल सोडला की पाच-दहा मिनिटांत हलका होतो. टोचणारी कळ, मनगटातली ठणक, बोटांना मुंग्या यांपैकी काही झालं तर त्या दिवसाचा रियाज तिथेच बंद.

बहुतेक दुखणी बैठकीतून येतात. तबला साधारण दहा इंच उंच, खाली चुंबळ. सात-आठ वर्षांचं मूल सपाट सतरंजीवर बसलं की तबल्याचं तोंड त्याच्या कोपराच्या वर जातं. मग ते खांदे उचलून वाजवतं आणि संध्याकाळी मान धरते. "खांदे खाली घे" म्हणून ओरडून उपयोग नाही. बुडाखाली दोन-तीन इंचांची चादरीची घडी द्या. कोपर तबल्याच्या तोंडापेक्षा किंचित वर आणि गुडघे कमरेच्या खाली हवेत. मोबाइलवर बाजूने फोटो काढलात की लगेच कळेल. पायाला मुंग्या येण्याआधीच मांडी बदलू द्या.

दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही: उतरलेला तबला. 'ना' हा बोल खणखणीत येत नाही म्हणून मूल जोर लावतं आणि तर्जनी गजऱ्याच्या (तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीच्या) कडेवर आपटते. रियाजाआधी तबला सुरात मिळवून द्या. हातोडी मोठ्यांनीच चालवायची.

डग्ग्यावर (जोडीतल्या खर्जाच्या वाद्यावर) मींड काढताना, म्हणजे मनगट दाबून-सरकवून आवाज चढवताना, लहान मुलं अंगाचा सगळा भार मनगटावर टाकतात. सुरुवातीचे काही महिने मनगट न दाबता नुसता खुला 'गे' हा बोल वाजवू द्या.

दहा मिनिटं वाजवणं, दोन मिनिटं हात मांडीवर. 'तिरकिट' हा बोल साठच्या लयीत (मिनिटाला साठ मात्रा) घ्या आणि पाच-पाचने वाढवा. वाजवता वाजवता कोपराखालचा हात चिमटीत धरून बघा. दगडासारखा लागला तर लय दहाने उतरवा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास असतात. त्याआधी वीस मिनिटांचा रियाज एकदम दीड तासावर नेऊ नका, आठवड्याला पाच-दहा मिनिटंच वाढवा. शाळेच्या परीक्षेचं लिखाणही त्याच हाताने होतं, तेही धरा.

तीन दिवस विश्रांती देऊनही दुखत असेल, सूज असेल, पेन धरवत नसेल, रात्री जाग येत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. मूल वाजवतानाचा व्हिडिओ बरोबर असू द्या. नुसता हात तपासून बैठक कळत नाही.