पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याआधी

पन्हाळ्याच्या चढाला जुनी पद्मिनी कार मिसिंग करायला, म्हणजे ठिणगी चुकून झटके द्यायला लागली की पहिला सल्ला येतो, ‘पॉइंट काढ, इलेक्ट्रॉनिक किट टाक.’ पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच; किटमधलं मॉड्यूल तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करतं. टाका, पण आधी डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी काढून रोटरखालचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. खडखड जाणवली तर शाफ्टला धरणारा बुश झिजलाय. मग किट कितीही भारी असो, ठिणगीचं टायमिंग डगमगणारच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुश करून मिळतो. तो खर्च पहिला.

दुसरं, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल. मल्टिमीटर लावून दोन छोट्या टर्मिनलमधले ओहम मोजा. बॅलास्ट (कॉइलला जोडलेला वेगळा रेझिस्टर) नसलेली जुनी कॉइल साधारण 3 ओहम दाखवते, बॅलास्टवाली 1.5 च्या आसपास. किटला किमान किती लागतात ते डबीवर वाचूनच घ्या. कमी ओहमची कॉइल जोडली की मॉड्यूल तापून जळतं. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकायची सवय असेल तर तीही सोडा, त्यानेही मॉड्यूल तापतं.

आमच्या गाडीत साधं, डिस्ट्रिब्युटरच्या आतच बसणारं किट आहे. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि पॉइंटमधली फट मोजायची 0.4 मिमीची फिलर पट्टी मात्र अजून डिकीत असते. मॉड्यूल घाटात बंद पडलं तर ते दुरुस्त होत नाही, पण पॉइंट घासून परत बसवले की गाडी घरी येते.