दुसऱ्या बाळाचा विचार करताय? पाळीची नोंद ठेवताना या चुका टाळा

‘अजून पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहिले?’ स्त्रीरोगतज्ज्ञांना हा प्रश्न नवा नाही. आधी बीज सुटतं, पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे बाळंतपणानंतर पाळीचं तोंड न पाहताच गर्भ राहू शकतो. बाळ वरच्या दुधावर असेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यातही बीज सुटतं. तेव्हा ‘पाळी आली की लिहायला लागू’ ही पहिली चूक.

अंगावर पाजणाऱ्या आईला दिवस राहण्यापासून थोडी सवलत असते, पण अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी सुरू झालेली नको आणि बाळाचं पोट अंगावरच्या दुधावरच भरायला हवं. दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड पडायला नको. शेवटची अट नकळत मोडते. बाळ एकदाचं रात्रभर झोपायला लागतं, आई कामावर रुजू होते, घरात बाटली येते. या तारखाही वहीत लिहा. नाचणीचं सत्त्व कधी सुरू केलं, तेही. पाळी का सरकली याचं उत्तर बरेचदा तिथेच सापडतं.

सव्वा महिन्यात अंगावरून जातं ती पाळी नव्हे, ते चक्रात मोजू नका. (तासाला एक पॅड भिजत असेल, ताप किंवा दुर्गंधी असेल तर मात्र वही बाजूला ठेवून दवाखाना गाठा.)

ॲपवर विसंबणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ते तुमच्या जुन्या 28 दिवसांची सरासरी काढून ‘सुपीक दिवस’ रंगवत बसतं, आणि इथे एक चक्र 24 दिवसांचं, तर पुढचं 45 चं. काही चक्रांत बीज सुटतच नाही. जुनी नोंद बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करा. बीज सुटण्याचा अंदाज घ्यायला रोज पहाटेचं तापमान घेण्याचा सल्लाही रात्रीत तीनदा उठणाऱ्या आईला फारसा उपयोगी नाही. त्यापेक्षा अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा स्राव कधी दिसतो ते पाहा.

मधल्या काळात कोणतं गर्भनिरोधक साधन वापरलं, हेही विसरू नका. ‘अंतरा’ इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने लागू शकतात. ‘छाया’ गोळीनेही पाळी लांबते.

घाई मात्र नको. बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सिझेरियन झालं असेल तर अंतर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. प्रयत्न सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्या.

पाळीची तारीखच ठरलेली नसेल तर ‘चुकली’ कशी म्हणणार? शंका आली तर संबंधानंतर 21 दिवसांनी लघवीची टेस्ट करा. टेस्ट नकारात्मक आली आणि अंगावरचं पाजणं थांबवून तीन महिने झाले तरी पाळी नाही, तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनची (दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाची) तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. जाताना वही सोबत न्या.