मेरी सेलेस्टचा खटला शाळेच्या पटांगणात कसा उभा करायचा

खान्देशातल्या बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. तरी 1872 साली अटलांटिक महासागरात एकाही माणसाशिवाय सापडलेल्या मेरी सेलेस्ट या जहाजाचा तपास आठवी-नववीच्या वर्गाला दोन तासांत करता येतो. पटांगण, पोस्टकार्डाएवढी दोन डझन कार्डं आणि एक माठ जवळ असला की झालं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ निवडा. मार्च उजाडला की आपल्याकडचं मैदान नऊ वाजताच तापायला लागतं.

जहाज आखणं. मेरी सेलेस्ट 103 फूट लांब आणि जेमतेम 26 फूट रुंद होती, म्हणजे 31.4 मीटर बाय 7.8 मीटर. दोन खुंट्या ठोकून मधोमध सुतळी ताणा. दर पाच मीटरवर दोन्ही बाजूंना माप घेऊन खुणा करा, मग त्या जोडा. मधला भाग पूर्ण रुंदीचा ठेवा. पुढचं टोक शेवटच्या सहा मीटरमध्ये निमुळतं करत आणा, मागचं थोडंच. मैदान आखायची पांढरी फक्की दहा किलो पुरते. कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. आखणी वारा सुटायच्या आत उरका.

आत दोन डोलकाठ्यांच्या जागी बांबू रोवा. डेकवरची, खाली उतरायची तीन तोंडं चौकोनांनी दाखवा: पुढचं, मधलं मोठं आणि मागचं छोटं. मागे कप्तानाची खोली, पुढे खलाशांची. दहा पोरांना आत उभं करा: कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, बायको सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात जणांचा ताफा. मग त्यांना बाहेर जायला सांगा. उरलेल्या वर्गाला रिकामा आराखडा दिसतो, आणि प्रश्न आपोआप सुरू होतात.

नकाशा. नोंदवहीतली शेवटची नोंद 25 नोव्हेंबर, सकाळी आठची. तेव्हा जहाज अटलांटिकमधल्या अझोर्स द्वीपसमूहातल्या सांता मारिया बेटाजवळ होतं. ‘देई ग्रात्सिया’ या जहाजाला ते 4 डिसेंबरला अझोर्स आणि पोर्तुगालच्या मध्ये सापडलं. अंतर सुमारे 700 किलोमीटर, म्हणजे रेल्वेने मुंबईहून निघून भुसावळ मागे टाकत बडनेऱ्याच्याही पुढे. पोरं इथे एक चूक हमखास करतात: रेखांशाच्या अंशालाही 111 किलोमीटर धरतात. त्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश 88 किलोमीटरच्या आसपास भरतो. माप नेहमी नकाशाच्या उभ्या कडेवरच्या अक्षांशांवरून घ्यायला लावा. काही ठिकाणी तारीख 5 डिसेंबर दिसेल. जहाजावरचा दिवस दुपार ते दुपार मोजत, त्यामुळे हा फरक पडतो. त्यावर वेळ घालवू नका.

कार्डं. खरं काम इथे आहे. प्रत्येक कार्डाच्या पुढे एक वस्तुस्थिती आणि मागे ती कोणी सांगितली ते लिहा. पहिल्या ढिगात फक्त जहाजावर चढलेल्यांनी पाहिलेलं ठेवा. ‘देई ग्रात्सिया’वरचे ऑलिव्हर डेव्हो आणि जॉन राइट असे दोघेच वर चढले, तिसरा होडीत थांबला. त्यांना दिसलं ते असं: मालाच्या खोलीत साडेतीन फूट पाणी. एक पंप उघडलेला. पाणी मोजायची कांब डेकवर पडलेली. पुढचं आणि मागचं तोंड उघडं, मधलं बंद. होकायंत्राची पेटी जागेवरून हललेली, काच फुटलेली. होडी गायब, क्रोनोमीटर (अचूक वेळ दाखवणारं घड्याळ), सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र) आणि जहाजाचे कागदही नाहीत. शिधा मात्र सहा महिन्यांचा, आणि खलाशांचे पाइप तिथेच.

दुसऱ्या ढिगात, सापडलेलं जहाज जिथे आणलं त्या जिब्राल्टर बंदराच्या न्यायालयातले तर्क. तिसऱ्यात भाकड गोष्टी: वाफाळता चहा, अर्धवट जेवलेली ताटं, जागेवरच लटकलेली होडी. यातल्या बऱ्याच 1884 साली एका इंग्रजी मासिकात आलेल्या काल्पनिक कथेनंतर पसरल्या. डेव्होच्या साक्षीत शिजवलेलं अन्न नव्हतंच.

ढीग देण्याचा क्रम चुकला तर खेळ फसतो. कप्तानाच्या खोलीतली डाग पडलेली तलवार आधी दाखवलीत, तर वर्ग पाच मिनिटांत खून ठरवतो आणि पुढचं प्रत्येक कार्ड त्यातच बसवतो. जिब्राल्टरचे सरकारी वकील फ्रेडरिक सॉली-फ्लड यांचंही नेमकं हेच झालं. तपासणीत ते डाग रक्ताचे निघाले नाहीत. जहाजाच्या पुढच्या टोकावरचे कुऱ्हाडीचे म्हटलेले घाव अमेरिकन नौदलाच्या कप्तान शुफेल्ट यांना लाकडाच्या नैसर्गिक ढलप्या वाटल्या. म्हणून तलवार पहिल्या ढिगानंतरच द्या, आणि तपासणीचं कार्ड लगेच पाठोपाठ.

दोन प्रयोग. माल होता 1,701 पिंपं अल्कोहोल. इटलीतल्या जेनोआ बंदरात उतरवल्यावर नऊ रिकामी निघाली. ती तांबड्या ओकची होती, आणि हे लाकूड सच्छिद्र असतं. हे दाखवायला नव्या माठात पाच लिटर पाणी भरा, त्याच मापाचं पाणी झाकलेल्या स्टीलच्या डब्यात भरा. संध्याकाळी दोन्ही काट्यावर तोला, सकाळी पुन्हा तोला. खाली थेंबही न सांडता माठाचं वजन घटलेलं दिसेल. पाण्याच्या जागी अल्कोहोल आणि मोकळ्या हवेच्या जागी बंद खोली, एवढं पोरांना जोडू द्या. स्पिरिट किंवा सॅनिटायझर पेटवून दाखवायचा मोह टाळा. शुद्ध अल्कोहोलची वाफ 17 अंशांच्या आसपासही पेट घेते, आणि आपल्याकडे थंडीतली दुपारसुद्धा त्याहून गरम. 2006 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अँड्रिया सेला यांनी पिंपांच्या जागी कागदी ठोकळे रचून ब्यूटेन वायूचा भडका उडवून पाहिला. ठोकळे जळले नाहीत. हे तोंडी सांगणं पुरे.

दुसरा प्रयोग पंपाचा. जहाजाने आधी कोळसा वाहिला होता, आणि त्याच वर्षी त्याची मोठी दुरुस्तीही झाली होती, म्हणजे पंपात चुरा अडकू शकत होता. बादलीभर पाण्यात वखारीतला दोन मुठी बारीक भुसा टाका आणि रॉकेल काढायचा प्लॅस्टिकचा हातपंप चालवा. भुसा झडपेत अडकतो, झडप नीट बसत नाही, पंप नुसता हवा ओढतो. भुसा जाडा असेल तर तो आत जातच नाही आणि प्रयोग फसतो, म्हणून आधी चाळून घ्या. पंप चालत नसला की आत पाणी खरंच किती आहे याचा अंदाज चुकू शकतो, हे त्यांच्याच तोंडून येतं.

निकाल. मतदान घेऊ नका. प्रत्येक गटाने आपल्या तर्काला न बसणारं एक कार्ड स्वतःच उचलून दाखवायचं. स्फोट म्हणणाऱ्यांना मधलं बंद तोंड अडवतं. पंप म्हणणाऱ्यांना साडेतीन फूट पाणी अडवतं, कारण तेवढ्याने ते जहाज बुडत नव्हतं. बंड म्हणणाऱ्यांना मागे राहिलेल्या पाइपांचं उत्तर द्यावं लागतं. न्यायालयानेही कोणाला दोषी ठरवलं नाही, जहाज आणणाऱ्यांना 1,700 पौंड दिले.

1885 मध्ये हेच जहाज वेगळ्या कप्तानाने हैतीजवळ विम्यासाठी मुद्दाम खडकावर घातलं. ते कार्ड खिशात ठेवा आणि सगळे बोलून झाल्यावरच काढा, नाहीतर 1872 लाही विम्याचाच डाव होता असं पोरं धरून बसतात.