व्हीसीआर लॅपटॉपला जोडला, चित्र येतंय पण आवाज गायब? हे बघा

जुन्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर घ्यायला बसलात, यूएसबी कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं डिव्हाइस) लावलं, ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) नवरानवरी मस्त दिसतायत पण सनई काही ऐकू येईना, तर लगेच कॅसेटला दोष देऊ नका, आधी व्हीसीआर सरळ टीव्हीला लावून बघा. तिथे आवाज आला की कॅसेट ओके, व्हीसीआर ओके, घोळ पुढे आहे. (मंगलाष्टकांच्या जागी सिनेमाचं गाणं वाजलं तर तो बिघाड नाही, तेव्हाचे व्हिडिओवाले सर्रास मूळ आवाज पुसून गाणी टाकायचे, तो आता परत येत नाही.)

मग वायरी. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची, आणि तिन्ही व्हीसीआरच्या आउटमध्येच हव्यात, इनमध्ये नाही. मोनो व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असतं, तिथे पांढरी लावा, आवाज फक्त डाव्या बाजूने येईल, तो ओबीएसमध्ये मोनोवर टिक केली की दोन्हीकडे येतो. एस-व्हिडिओची केबल वापरत असाल तर ती फक्त चित्रच नेते, पांढरी-लाल वेगळी लावावीच लागते. हँडीकॅमची एका पिनेतून तीन वायरी निघणारी केबल असेल तर जरा जपून, दिसायला सगळ्या सारख्या पण आतली जोडणी कंपनीनुसार बदलते, आवाजाऐवजी नुसती घरघर आली तर तिन्ही रंग आलटून पालटून लावून बघा, काही जळत नाही.

आता खरी मेख, बहुतेक जण इथेच अडकतात. कार्डाचा आवाज विंडोजला मायक्रोफोन वाटतो! त्यामुळे सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन मायक्रोफोनची परवानगी चालू करा, खालचं डेस्कटॉप अ‍ॅप्सचं बटण पण, ते लोक हमखास विसरतात. नंतर ओबीएसमध्ये 'ऑडिओ इनपुट कॅप्चर' वेगळं अ‍ॅड करून त्यात यूएसबीवालं डिव्हाइस निवडा, लॅपटॉपचा स्वतःचा माइक नको, नाहीतर सनईऐवजी तुमच्या घरातला मिक्सर रेकॉर्ड होईल.

ओबीएसमधली आवाजाची हिरवी पट्टी हलतेय पण हेडफोनमध्ये शांतता? मग आवाज रेकॉर्ड होतोय, फक्त तुम्हाला ऐकवला जात नाहीये, अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये 'मॉनिटर अँड आउटपुट' करा.

आणि ई-180 कॅसेट म्हणजे पूर्ण 3 तास चालणार, तेव्हा आधी 2 मिनिटं रेकॉर्ड करून ती फाइल वाजवून बघा, मगच कॅसेट सुरुवातीपासून लावा.