एलओआर लिहून देताय? मग ड्राफ्टवर नुसती सही नको

ऑक्टोबर उजाडला की फायनल इयरची पोरं स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागतात, सर एलओआर, म्हणजे शिफारसपत्र, हवं होतं. अमेरिकेत एमएसला बऱ्याच युनिव्हर्सिट्या तीन मागतात, फॉलच्या (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सत्राच्या) डेडलाइन्स बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, आणि आपल्याकडे ठरलेलं उत्तर म्हणजे तूच लिहून आण, मी सही करतो. मीपण आधी तेच करायचो. मग एका वर्षी दोघांचे ड्राफ्ट शेजारी ठेवून वाचले तर तीन ओळी जशाच्या तशा सारख्या, नेटवरचा एकच नमुना उचललेला. फार वाईट वाटलं, पोरं खरंच गुणी होती आणि पत्रात त्यांचं असं काहीच नव्हतं.

आता मी रिझ्युमे, मार्कशीट आणि एसओपी (का आणि काय शिकायचंय याचा अर्जासोबतचा निबंध) मागतो, शिवाय एक साधा कागद, माझ्याकडे काय काय केलंस ते लिही, मराठीत लिहिलं तरी चालेल. महिनाभर आधी.

सुरुवातीला दोन ओळीत तुम्ही कोण, त्याला कधीपासून ओळखता, काय शिकवलं. मग थेट प्रसंग, तोही तुम्ही स्वतः बघितलेला. मेहनती, प्रामाणिक, हुशार हे सगळ्यांच्याच पत्रात असतं हो! एका मुलीच्या प्रोजेक्टमधला मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर दुपारी भलतंच रीडिंग द्यायचा, तिने आठवडाभर दर तासाचे आकडे वहीत उतरवले, ऊन वाढलं की रीडिंग सरकतं हे शोधलं, मग शेजारी तापमानाचा सेन्सर लावून कोडमध्ये दुरुस्ती केली. मी एवढंच लिहिलं, ती वही डोळ्यासमोर आणून. चिकाटी हा शब्द लिहायची गरजच पडली नाही.

बॅकलॉग असेल आणि कारण तुम्हाला माहीत असेल तर मुलाला विचारून एक वाक्य लिहा, नाहीतर तो विषय सोडा. फॉर्ममध्ये टॉप 5%, टॉप 10% असे रकाने असतात, तिथे सगळ्यांनाच टॉप 5% टिक करू नका, खरंच वरच्या पोराचं नुकसान होतं. आणि मनापासून चांगलं लिहिता येणार नसेल तर ऑक्टोबरमध्येच सांगा, म्हणजे त्याला दुसऱ्या सरांकडे जाता येतं.

एक पान पुरे, लेटरहेडवर, पीडीएफ. अपलोडची लिंक तुमच्या मेलवर येते, कॉलेजचा आयडी द्या, स्पॅमही बघा. पत्र वाचायचा हक्क बहुतेक मुलं फॉर्ममध्येच सोडतात (अमेरिकेतल्या 1974 च्या फेर्पा कायद्यातला हक्क), त्यामुळे तुमची चूक त्याला दिसणार नाही. अपलोडच्या आधी युनिव्हर्सिटीचं नाव आणि ही-शी परत एकदा वाचा, जुनं पत्र कॉपी केलं की हमखास तिथेच राहून जातं.