पहिली एअर रायफल, बेताचं बजेट: या चुका टाळा

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला होता. अशा बातम्या आल्या की घरोघरी एकच प्रश्न निघतो: पोराला किंवा पोरीला रायफल घ्यायचीय, कुठली घ्यावी? स्वप्नीलच्या प्रकारातली पॉइंट टू-टू रायफल परवान्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे बहुतेकांची सुरुवात १० मीटर एअर रायफलनेच होते, आणि ते बरंच आहे.

पण लोक सुरुवात ब्रँडपासून करतात. खरं तर आधी ठरवायची ती यंत्रणा, म्हणजे छर्‍याला ढकलणारी हवा कुठून येणार ते. स्प्रिंग, सिंगल स्ट्रोक (लिव्हरच्या एका ओढीत एका शॉटची हवा), सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) की पीसीपी (सिलिंडरात आधीच दाबून भरलेली हवा)? हा एक निर्णय चुकला की पुढचा सगळा खर्च तो झाकण्यात जातो.

चूक पहिली: वेग बघून रायफल घेणं

खोक्यावर ‘१००० फूट प्रतिसेकंद’ छापलेलं दिसलं की विक्रेत्याचं निम्मं काम होतं. असले आकडे बहुतेक वेळा अगदी हलके छर्रे घालून मिळवलेले असतात, आणि टार्गेट शूटिंगमध्ये त्यांचा काही उपयोग नाही. जागतिक स्पर्धेतली मॅच एअर रायफल साधारण ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने सोडते. तिची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास भरते. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे ४.५ मिलिमीटर बोअरच्या एअर रायफलला २० ज्यूलपर्यंत परवाना लागत नाही. म्हणजे जगज्जेत्याची रायफल त्या मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही.

आता टार्गेट बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त अर्धा मिलिमीटर, नऊचा साडेपाच, आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटर रुंदीची. इथे छर्रा किती जोरात जातो याला महत्त्व नाही. प्रत्येक वेळी तो अगदी तसाच जातो का, हे महत्त्वाचं. जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे जास्त हिसका आणि कॉक करायला, म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायला, जास्त जोर. ६० शॉटची मॅच आणि त्याआधीचे साइटर (सरावाचे शॉट) मिळून पोराचा खांदा शेवटच्या सिरीजपर्यंत (दहा शॉटांच्या फेरीपर्यंत) टिकायला हवा.

आणखी एक. ‘जरा कडक स्प्रिंग टाकून देतो’ म्हणणार्‍या मिस्त्रीला स्पष्ट नाही म्हणा. ग्रुपिंग, म्हणजे छर्रे एका जागी जवळजवळ लागणं, तर बिघडेलच, शिवाय ऊर्जा २० ज्यूलच्या पुढे गेली की तीच रायफल परवान्याच्या कक्षेत जाते.

चूक दुसरी: स्प्रिंग रायफलकडून पीसीपीचं काम मागणं

स्प्रिंग रायफल वाईट नसते. स्वस्त असते, बाहेरून हवा भरावी लागत नाही, गावाकडे परसात नीट बॅकस्टॉप (छर्रे अडवणारा आडोसा) लावून सराव करता येतो. पण ती कशी वागते ते घेण्याआधी समजून घ्या. ट्रिगर दाबला की आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. पिस्टन नळीच्या तोंडाशी हवेच्या गादीवर आदळून थांबला की रायफल उलट पुढे जाते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. त्यामुळे रायफल कशी धरली यावर छर्रा कुठे लागणार ते ठरतं. घट्ट आवळली तर एकीकडे, सैल धरली तर दुसरीकडे.

म्हणून स्प्रिंग रायफल तळहातावर नुसती ठेवायची, पकडायची नाही. आणि हात रोज स्टॉकच्या (रायफलच्या दस्त्याच्या) त्याच जागी. तिथे पेन्सिलची खूण केली तरी चालेल. हे जमलं की स्प्रिंग रायफलवर शिकलेला फॉलो-थ्रू (शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहणं) पुढे कुठल्याही रायफलवर कामाला येतो.

आपल्याकडे राज्य पातळीवर, उदाहरणार्थ कॅप्टन इझिकेल स्पर्धेत, ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक छिद्रातून नेम) असे वेगळे प्रकार असतात. ओपन साइटपासून सुरुवात करणार्‍याला चांगली स्प्रिंग रायफल पुरते. पीप साइटमध्ये टिकायचं ठरवलं असेल, तर स्प्रिंगवर पैसे घालून वर्षभरात ती विकण्यापेक्षा थोडं थांबणं परवडतं.

ब्रेक बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायची रायफल, घेताना दुकानातच एक तपासणी करा. रायफल रिकामी आहे याची खात्री करा. नळी बंद करून एका हाताने बॉडी, दुसर्‍याने नळीचं टोक धरा आणि डावी-उजवीकडे हलकं ढकला. सांध्यात ‘टक’ असं जाणवलं किंवा बारीकशी फट उघड-मीट झाली, तर ती रायफल परत ठेवा. ओपन साइटवर दोन्ही साइट नळीवरच असल्या तर हा दोष बराचसा लपतो. पीप साइट मात्र मागे बॉडीवर बसते आणि पुढची नळीवर. नळी दर वेळी केसभर वेगळी बंद झाली की ग्रुप सरकतो, आणि बिचारा शूटर आपल्या श्वासाला दोष देत बसतो. नळी न मोडणार्‍या अंडरलिव्हर रायफलमध्ये ही भानगड नसते.

चूक तिसरी: पीसीपी घेतली, हवा कुठे भरणार ते विचारलंच नाही

पीसीपीमध्ये सिलिंडरात साधारण २०० बारची हवा असते आणि रेग्युलेटर ती ठरावीक कमी दाबावर आणून सोडतो. आत धावणारं जड काही नाही, म्हणून हिसका जवळपास नाही. आज १० मीटरची वरच्या पातळीची सगळी स्पर्धा याच यंत्रणेवर चालते. नव्या आयात मॅच रायफली दोन लाखांच्या पुढे जातात, पण बेताच्या बजेटमध्ये देशी पीसीपी मिळतात आणि जुन्या मॅच रायफलीही हातोहात विकल्या जातात.

घोळ होतो तो हवेचा. तुमच्या रेंजवर कॉम्प्रेसर किंवा स्कूबा सिलिंडर आहे का? मालवण-तारकर्लीला डायव्हिंगवाल्यांकडे सोय सापडते, नांदेड-लातूरला ती शोधत फिरावं लागतं. सोय नसेल तर हँडपंप रायफलच्या किमतीतच धरा. शंभर-दीडशे बारनंतर दांड्यावर मोठ्या माणसाला अंगाचा भार टाकावा लागतो, बारा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. पंप तापतो, म्हणून मध्ये थांबावं लागतं.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत याहून मोठी अडचण ओलाव्याची. जुलैची दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं. पंपाचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) सैल केला की फस्सकन हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार बोटांवर येतात. ते पाणी सिलिंडरात गेलं तर रेग्युलेटर आणि व्हॉल्व्हपर्यंत गंज पोचतो. ओलावा शोषणारा फिल्टर लावा, त्यातले दाणे रंग बदलले की बदला, आणि थोडं भरून झालं की दर वेळी ब्लीड करा.

एक गोष्ट कधीही करू नका: वेल्डिंगवाल्याकडून किंवा कुठूनही ऑक्सिजन भरून घेऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. पीसीपीत भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा.

जुनी मॅच रायफल घेताना लोक नळीत डोळा घालून बघतात, पॉलिश बघतात, आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख बघायची राहते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात सिलिंडर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूची आहे, आणि ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची. तारीख उलटलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत आधी विचारा, मग सौदा करा. कित्येकदा ‘स्वस्तात मिळाली’ म्हणालेली रायफल इथेच महाग पडते.

सीओटूच्या जुन्या रायफली अजून विकायला येतात. आपल्या हवेत त्यांच्या वाटेला जाऊ नका. २० अंशांना सीओटूचा दाब साधारण ५७ बार असतो, ३० अंशांना तो ७० च्या वर जातो. नागपूरच्या मे महिन्यात सकाळचा ग्रुप आणि दुपारचा ग्रुप एकमेकांना ओळखणार नाहीत.

राहून जाणारा पर्याय

सिंगल स्ट्रोक रायफल आपल्याकडे फार कमी लोक विचारात घेतात, याचं मला वाईट वाटतं. बाजूचा लिव्हर एकदा ओढून मिटला की त्या एका शॉटपुरती हवा भरते. सिलिंडर नाही, मुदत नाही, पंप नाही, हिसकाही नाही. फाइनवेर्कबाउची ६०० मालिका किंवा वाल्थरची एलजीआर ही याच घराण्यातली, आणि एके काळी याच रायफलींनी मोठमोठ्या मॅच मारल्या. रेंजपासून लांब, तालुक्याच्या गावी राहणार्‍या शूटरला चांगल्या अवस्थेतली सिंगल स्ट्रोक पीसीपीपेक्षा सोयीची पडते. मात्र लिव्हरला ताकद लागते, लहान मुलाला आधी ओढून बघू द्या. जुन्या रायफलचे सील कडक झालेले असतात, ते कोण बदलून देईल हे पैसे देण्याआधी पक्कं करा. आणि लिव्हर मारून रायफल तशीच भरून ठेवू नका.

चूक चौथी: सगळं बजेट यंत्रणेतच संपवणं

रायफल मुलाच्या अंगाला बसली नाही तर आतलं यंत्र कितीही चांगलं असो, उपयोग नाही. बटची (खांद्याला टेकणार्‍या टोकाची) लांबी आणि चीकपीसची (गाल टेकवायच्या भागाची) उंची बदलता येते का ते बघा. मान वाकवावी न लागता डोळा पीप साइटच्या मागे आला पाहिजे. नियमाने १० मीटर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, म्हणून ती तेवढी असलीच पाहिजे असं नाही. सातवी-आठवीतल्या मुलाला चार किलोही पुष्कळ होतात.

छर्र्‍यांसाठी पैसे बाजूला ठेवा. मॅचचे चपट्या डोक्याचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. तीन-चार मापांचे थोडे थोडे छर्रे मिळवून, रायफल टेकवून, प्रत्येकाचे दोन ग्रुप मारून बघा. एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या सुट्या भागांनी पडत नाही.

रायफल घरी आली, ग्रुप येत नाही

शॉट खाली-खाली जातायत आणि रायफल पीसीपी आहे? आधी मॅनोमीटर (दाब दाखवणारा काटा) बघा. दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली उतरला की वेग पडतो.

भरल्यावर तासाभरात काटा थोडा उतरला तर घाबरू नका. भरताना हवा तापते, निवली की दाब कमी दिसतो. रात्रभरात आणखी उतरला तर मात्र गळती आहे. सिलिंडरच्या जोडाला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसले तर बहुतेक ओ-रिंग (रबरी कडी) गेलेली असते. जोड उघडण्याआधी दाब पूर्ण सोडा. दाब असताना पाना लावायचा नाही.

स्प्रिंग रायफलमधून अचानक मोठा आवाज आणि धूर आला, तर कुणीतरी तेल घातलंय. मशीनचं तेल, खोबरेल, काहीही असो, दाबल्या गेलेल्या गरम हवेत ते पेटतं आणि सील जाळतं. हवेच्या बाजूला उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन वंगणच, तेही नावापुरतं. स्प्रिंग रायफल छर्रा न घालता कधी झाडू नका, पिस्टन थेट आदळतो.

पीप साइट पूर्ण खाली आणली तरी शॉट वरच जातायत? पुढची साइट ब्लॉक लावून उंच करा. उलट असेल, तर मागची उंच करा. साइटचा स्क्रू जोर लावून पिरगाळला तर आटे जातात.

ग्रुप गोल न राहता आडवा पसरत असेल, तर स्टॉकचे स्क्रू आणि पुढच्या साइटचा स्क्रू आधी तपासा. स्प्रिंग रायफलीत ते हिसक्याने आपोआप सैल होतात. मग रायफल शॉटगणिक एका बाजूला कलते का, ते मागे उभं राहून कुणाला तरी बघायला सांगा. एवढं करूनही ग्रुप आला नाही, तर रायफल रेंजवर न्या आणि तिथल्या अनुभवी शूटरला दहा शॉट मारू द्या. त्याचा ग्रुप घट्ट आला तर रायफल ठीक आहे, कोचकडे पोझिशन दाखवा. त्याचाही पसरला, तर दुकानदाराकडे जाताना तो कागद, छर्र्‍यांचा डबा आणि बिल सोबत न्या.